विश्रामबागवाड्यातील पाठशाळा व तिचा ग्रंथसंग्रह

पुण्याच्या विश्रामबागवाड्याचा इतिहास सामान्यतः दुसऱ्या बाजीरावाच्या विलासापाशी सुरू होतो व तेथेच संपतो. पेशवाईच्या अस्तानंतर तेथे पाठशाळा भरली, ही गोष्ट एका वाक्यात उरकण्यात येते. त्या पाठशाळेच्या पोथ्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न तर सहसा विचारलाच जात नाही.

६ ऑक्टोबर १८२१ रोजी कमिशनर चॅप्लिन याच्या कारकिर्दीत ही संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तिचा खर्च पेशव्यांच्या दक्षिणेच्या रकमेतून भागविला जाई. या उपक्रमामागे केवळ विद्याप्रेम होते असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. आश्रयास मुकलेला शास्त्रीवर्ग नव्या राज्यकर्त्यांविषयी अनुकूल राहावा, हाही एल्फिन्स्टनच्या धोरणाचा हेतू होता. पुढे १८५१ मध्ये पाठशाळा व सरकारी इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज निर्माण झाले. १८६४ मध्ये त्यास डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले आणि १८६८ मध्ये ते येरवड्यास गेले.

१३ मे १८७९ च्या आगीत बुधवारवाडा नष्ट झाला व विश्रामबागेचा दर्शनी भाग जळाला. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाशी या आगीचा संबंध तेव्हा जोडला गेला. लोकवर्गणीतून वाड्याची दुरुस्ती झाली. आज दिसणारे दर्शनी काष्ठकाम पाहताना हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. वास्तू अशी सावरली गेली, परंतु पाठशाळेचा संग्रह तीत राहिला नाही. तो डेक्कन कॉलेजातील सरकारी हस्तलिखितांत समाविष्ट झाला आणि १९१८ मध्ये त्या हस्तलिखितांबरोबर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात आला.

तेथील सूचींत मात्र ‘विश्राम’ ही खूण दोन विभागांत टिकून आहे. अभ्यासक तिच्याकडे निव्वळ क्रमांकाचा भाग म्हणून पाहतात, हे योग्य नव्हे. ही खूण पोथी कोणत्या पाठशाळेकडून आली एवढेच सांगते. पोथी पेशव्यांच्या संग्रही होती किंवा पुण्यात लिहिली गेली, असा निष्कर्ष तीवरून काढता येत नाही. त्यासाठी प्रत्येक पोथीची पुष्पिका, लेखकाचे नाव व लेखनशक स्वतंत्रपणे तपासावे लागतात.