खण, दरसूची आणि सामायिक वस्तुवर्णन : नंदुरबार परिसराच्या संदर्भात

इमारतीच्या संगणकीय संकल्पनात वीट, दार, कौल इत्यादी प्रत्येक वस्तूचे वर्णन ठरावीक साच्यात असावे, म्हणजे ते एका आज्ञावलीतून दुसरीत अर्थ न बदलता नेता येईल, हा विचार सामान्यतः अगदी अलीकडचा मानला जातो. यासाठी रचलेला आयएफसी हा सामायिक नमुना 2013 साली आयएसओ 16739 या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानक ठरला. वस्तूंच्या गुणधर्मांची व्याख्या कशी करावी आणि त्यांचे साचे कसे बांधावेत, हे सांगणारी 23386 व 23387 ही मानके 2020 साली आली. साधन नवे खरे. परंतु प्रश्न जुना आहे, आणि नंदुरबारसारख्या परिसरात त्याचे टप्पे बरेच स्पष्ट दिसतात.

पहिला टप्पा 'खण' या शब्दात आहे. घर किती खणांचे, एवढे सांगितले की खांब, तुळया व कड्या यांचा अंदाज सुतारास आपोआप येई. नकाशावाचून माहिती पोचविणारे हे एक सामायिक परिमाणच होय. मात्र खणाची लांबी हाती येणाऱ्या लाकडावर ठरे. एका गावचा खण दुसऱ्या गावी तेवढाच भरेल, अशी शाश्वती नसे.

ही शाश्वती सरकारी बांधकाम खात्यास हवी होती. 1906 साली खानदेशाचे विभाजन झाल्यावर नंदुरबार पश्चिम खानदेशात राहिले व कारभार धुळ्याहून चाले. 1 जुलै 1998 रोजी ते स्वतंत्र जिल्हा झाले. बांधकाम खात्याच्या दरसूचीत प्रत्येक बाबीस क्रमांक, वर्णन, मोजण्याचे परिमाण आणि दर असतो. येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. दरसूचीत 'बाब' असते, 'वस्तू' नसते : वीटकाम घनमीटरने मोजले जाते, वीट कोणत्या भट्टीची हे तेथे लिहिलेले नसते. विटेची ओळख मानकावर सोपविलेली असते. 1956 च्या वजनमापे कायद्याने दशमान पद्धती आली, आणि 19 × 9 × 9 सेंटिमीटरची प्रमाण वीट ठरली; दर्जासह ती 20 × 10 × 10 भरते. कागदावर हा हिशेब किती सुटसुटीत! स्थानिक भट्ट्यांचे साचे मात्र कायद्याच्या वेगाने बदलत नाहीत.

खरी अडचण विटेची नसून बांबूची आहे. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील भिल्ल आणि पावरा घरे प्रामुख्याने लाकूड, बांबू व माती यांची. बांबूस मान्यता नाही असे नव्हे. 2005 च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत त्यास स्थान आहे. परंतु त्याचे बळ जात, वय, पेरांमधील अंतर, ओलावा व तोडणीचा हंगाम यांवर अवलंबून असते. कारखान्यात तयार झालेल्या दाराचे माहितीपत्रक उत्पादक पुरवितो. बेटातून तोडलेल्या बांबूचे कोण पुरविणार? म्हणून संकल्पकाच्या संगणकीय संग्रहात पोलादी पत्रा सहज सापडतो, बांबूचा कूड सापडत नाही. आणि जे संग्रहात नाही ते धडगावच्या आश्रमशाळेच्या नकाशात येण्याचा संभवही कमी.

हा दोष संगणकाचा म्हणता येत नाही. वस्तूचे वर्णन करण्याचा भार तिच्या विक्रेत्यावर टाकण्याच्या प्रथेचा तो परिणाम आहे. 23386 हे मानक नवा गुणधर्म सुचविण्याची, तपासण्याची व स्वीकारण्याची रीत घालून देते. त्या मार्गाने 'तोडणीचा हंगाम' हाही एक गुणधर्म म्हणून नोंदविता येईल. त्यापूर्वी त्याचे मोजमाप कोणत्या परिमाणात करावयाचे, हे मात्र ठरवावे लागेल.