गणकयंत्रातील यदृच्छा: मँचेस्टर, १९५१

गणकयंत्राचा मुख्य गुण आज्ञापालन हा होय. तेच गणित दहा वेळा घातले, तरी उत्तर दहाही वेळा एकच यावयाचे. अशा यंत्राकडून कोणासही आगाऊ सांगता येणार नाही अशी संख्या मागणे वरकरणी विसंगत वाटते. तथापि १९५१ च्या फेब्रुवारीत मँचेस्टर विद्यापीठात दाखल झालेल्या ‘फेरांती मार्क १’ या यंत्रात नेमकी हीच सोय होती. एका आज्ञेसरशी विद्युत्प्रवाहातील गोंगाटापासून वीस द्विमान अंक संचायकात येऊन पडत. ही सूचना अ‍ॅलन ट्यूरिंग यांची. शिकणाऱ्या यंत्रात यदृच्छेचा काही अंश असणे शहाणपणाचे ठरेल, असे मत त्यांनी १९५० च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात नोंदविले होते.

भाषेच्या अभ्यासकास या सोयीचा एक उपयोग विशेष लक्षणीय वाटेल. १९५२ मध्ये क्रिस्टोफर स्ट्रेची यांनी या यंत्राकडून प्रेमपत्रे लिहवून घेतली. वाक्यरचनेचे साचे ठरीव. विशेषणे, नामे व क्रियापदे मात्र यदृच्छेने निवडलेली. पत्रे हास्यास्पद उतरली खरी, परंतु व्याकरण आणि शब्दनिवड यांची इतकी स्वच्छ फारकत त्यापूर्वी क्वचितच कोणी करून दाखविली असेल.

आज्ञावली लिहिणाऱ्यांस मात्र हा गोंगाट जाचक झाला. दोष शोधावयाचा तर तीच आज्ञावली पुन्हा चालवून पाहावी लागते. येथे दुसऱ्या खेपेस अंकच निराळे, त्यामुळे चूक पुन्हा हाती लागेलच असे नसे. अमेरिकेत जॉन फॉन नॉयमन यांनी निराळी युक्ती योजिली होती: संख्येचा वर्ग करावा, त्यातील मधले अंक घ्यावे, त्यांचा पुन्हा वर्ग करावा. ही माला खरी यदृच्छ नव्हे, हे तेही जाणून होते; पण ती हवी तेव्हा जशीच्या तशी काढता येई. पुढे बहुतेकांनी गणिती मार्गच पत्करला. हा तत्त्वाचा नव्हे, सोयीचा विजय होता.

शिवाय गोंगाट नेहमी निर्दोष असतो, असेही नाही. ‘रँड’ संस्थेच्या विद्युत्-यंत्राने दिलेले अंक चाचणीत किंचित एकांगी आढळले. १९५५ मध्ये दहा लाख अंकांचा ग्रंथ निघाला, तो त्यांवर बेरजेचा संस्कार करूनच.

गुप्तलेखनाची गरज वाढली तेव्हा पारडे फिरले, कारण तेथे पुनरावृत्ती हाच दोष. २०१२ मध्ये ‘इंटेल’ने आपल्या प्रक्रियकांत गोंगाटाचा उगम बसविला. त्याचे अंक थेट न देता गणिती उत्पादकास बीज म्हणून पुरविण्यात येतात. परंतु बंद यंत्रातून आलेले अंक खरोखर यदृच्छ आहेत की कोणी योजून ठेवलेले, हे केवळ अंक पाहून ठरविता येत नाही. म्हणूनच ‘लिनक्स’ प्रणालीत हे अंक अन्य उगमांच्या अंकांत मिसळून घेतले जातात.