चोखोबांचे मागणे



माझे उभे आयुष्य मागणीपत्रके लिहिण्यात गेले. यंत्रमाग कामगारांचा महागाई भत्ता, विडी वळणाऱ्या भगिनींची मजुरी, हाच माझा रोजचा विषय. अशा माणसाने निष्काम भक्तीवर बोलायला उभे राहावे, याचे काहींना हसू येईल. पण एका प्रसंगाने मला या विषयाकडे ढकलले. बोनसची बोलणी चालू असताना एका कारखानदाराने मला सुनावले, "तुमचे कामगार दरवर्षी पंढरीला जातात ना? मग संतांनी कधी काही मागितले होते काय?" मला त्यावेळी उत्तर सुचले नाही. शाळा मी सातवीतच सोडलेली. वाचनालयातून संतांचे अभंग आणि चरित्रे आणून मी उत्तर शोधीत बसलो. ते चोखोबांपाशी सापडले.

चोखामेळा हे चौदाव्या शतकातले, नामदेवांचे समकालीन. अस्पृश्य ठरवलेल्या महार समाजात जन्मलेले आणि मंगळवेढ्यास राहणारे. पंढरीचा देव जवळ, पण देवळाचे दार बंद. बाहेरून नमस्कार करायचा आणि परतायचे. देवाला नवस बोलावा, त्याने पीक, पोर, पैसा द्यावा आणि आपण नवस फेडावा, हा व्यवहार आपल्याकडे जुनाच आहे. चोखोबांच्या भक्तीला हा व्यवहार ठाऊक नव्हता. ज्याला देवाचे दर्शनही धड मिळत नाही, तो कसला सौदा करणार? त्यांना हवी होती ती देवाची भेट.

पण म्हणून ते मुके राहिले काय? मुळीच नाही. बडव्यांनी आपल्याला मारले, ही तक्रार त्यांच्या अभंगात आहे. धाव घे, असा धावा आहे. त्यांची पत्नी सोयराबाई विचारते की, देहच जर विटाळातून जन्मतो, तर सोवळा कोण? मुलगा कर्ममेळा तर देवालाच जाब विचारतो, आम्हाला हीन ठरवून जन्माला घातलेस कशाला? बहीण निर्मळा आणि तिचा पती बंका यांनीही अभंग रचले. एका कष्टकरी घरातील पाच माणसांची ही वाणी आहे. तीत धनाची याचना नाही, पण अन्यायाला मान तुकवणेही नाही.

चोखोबांचा शेवट आपण जाणताच. मंगळवेढ्याच्या कुसाचे काम चालू होते. त्या कामावर इतर मजुरांबरोबर तेही होते. भिंत कोसळली आणि माणसे खाली गाडली गेली. परंपरा हे वर्ष 1338 सांगते. नामदेवांनी त्यांच्या अस्थी शोधून आणल्या आणि पंढरपूरच्या महाद्वारापाशी समाधी बांधली. ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी आला त्या चोखोबांच्या, अशी आख्यायिका आहे. मी कामगार चळवळीतला, म्हणून ही कथा ऐकताना माझे मन त्या भिंतीखालच्या इतर मजुरांकडेही जाते. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

समाधी झाली, पण दार उघडले नाही. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरास उपोषण केले, तेव्हा ते मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले झाले. मध्ये सहाशेहून अधिक वर्षे गेली. संतांनी देवापुढची समता सांगितली, माणसामाणसांतल्या समतेसाठी ते झगडले नाहीत, असा आक्षेप डॉ. आंबेडकरांनी घेतला होता. त्याच आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमावरील आपला 1948 चा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. आक्षेप आणि आदर ही दोन्ही त्यांनी सारखीच मोकळेपणाने मांडली. आपणही तसेच करावे, असे मला वाटते.

भक्ताने देवाजवळ मोबदला मागू नये, हा भक्ताने स्वतःला घातलेला नियम आहे. तो दुसऱ्याने त्याच्यावर लादला की त्याची वेठ होते. मालकाला तो नियम उचलून मजुराच्या तोंडावर फेकता येणार नाही.

एक कबुलीही देतो. आमच्या संघटनेतला एक माग चालवणारा दर आषाढीला पगार बुडवून वारीला जाई. मी एकदा चिडून विचारले, "दादा, आठवड्याची मजुरी घालवून तुम्हाला मिळते काय?" तो म्हणाला, "साहेब, भेट होते." त्याच माणसाने परतल्यावर बोनसच्या मागणीपत्रकावर सर्वांत आधी सही केली. कारखानदाराच्या प्रश्नाचे उत्तर ते हेच. ते मला पुस्तकांच्या आधी या माणसाने दिले होते, पण मला ते तेव्हा कळले नाही.