चौतीस वाट्या आणि एक गप्प नर्स

मागच्या महिन्यात एका वीकेंडला ताई तिच्या साडेतीन वर्षांच्या लेकीला घेऊन आमच्याकडे राहायला आली होती. शनिवारी दुपारी एक वाजता जे महाभारत सुरू झालं ते पावणेतीनला संपलं. विषय काय, तर एक वाटी वरणभात. आई वाटी घेऊन मागे, भाची पुढे. गॅलरीतलं कबूतर दाखवून झालं, चिऊ-काऊ झाले, मोबाईलवर कार्टून झालं, बागुलबुवाही येऊन गेला. शेवटी मी घोडा झालो आणि घोड्यावर बसून बाईसाहेबांनी चार घास घेतले. पाचव्या घासाला सगळंच्या सगळं बाहेर. घोड्याच्या पाठीवर. :)

आम्ही हसलो खरं, पण ताई हसली नाही. रात्री सगळे झोपल्यावर ती म्हणाली, "मला जेवणाची वेळ झाली ना, की पोटात गोळाच येतो रे. दिवसातून तीन वेळा आपण नापास होतो असं वाटतं." वर सासरचे, माहेरचे, शेजारचे सगळे एकच वाक्य ऐकवतात, 'कित्ती वाळलीये गं पोर!' डॉक्टर म्हणतात वजन व्यवस्थित आहे, पण डॉक्टरचं ऐकतो कोण?

आता मी काही बालरोगतज्ज्ञ नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधणारा माणूस. पण काही वर्षांपूर्वी एका जुन्या प्रयोगाबद्दल वाचलं होतं आणि तो डोक्यात रुतून बसला होता. त्या रात्री ताईला सांगितला, आज तुम्हाला सांगतो.

तर मंडळी, चला 1920 च्या दशकातल्या अमेरिकेत. जीवनसत्त्वांचा शोध नुकताच लागलाय ('व्हिटॅमिन' हा शब्द 1912 चा), आणि डॉक्टर लोकांना एकदम सगळं कळल्यासारखं झालंय. मुलाने किती वाजता, काय आणि किती खायचं याचे तक्ते छापून मिळताहेत. एमेट होल्ट नावाच्या डॉक्टरांचं बालसंगोपनाचं प्रश्नोत्तरी पुस्तक 1894 मध्ये आलं होतं, ते पुढे कित्येक वर्षं घराघरात गीतेसारखं वाचलं जायचं. घड्याळ आणि तराजू, बस्स. आणि गंमत बघा, तक्ते जितके पक्के तितकी 'मूल जेवत नाही हो' ही तक्रार घेऊन येणाऱ्या आया जास्त. म्हणजे ताईची तक्रार शंभर वर्षं जुनी आहे.

क्लारा डेव्हिस या डॉक्टरबाईंना एक साधा प्रश्न पडला. मुलाला कुणी काही सांगितलंच नाही, तर ते काय खाईल? साधा म्हणजे आपल्याला साधा. त्या काळी हा प्रश्न विचारणं म्हणजे आगाऊपणाच.

1926 मध्ये त्यांनी क्लीव्हलंडला तीन बाळांपासून सुरुवात केली आणि 1928 मध्ये त्याबद्दल लेख लिहिला. मग शिकागोच्या मुलांच्या इस्पितळात हेच काम मोठ्या प्रमाणावर. एकूण 15 मुलं. सगळी नुकतीच अंगावरचं तुटलेली, सहा ते अकरा महिन्यांची. म्हणजे वरचं अन्न म्हणून काही चाखलेलंच नाही, कुणी 'पालक छान, कारलं वाईट' असं कानात भरलेलं नाही. कोरी पाटी. कुणी सहा महिने या प्रयोगात होतं, कुणी साडेचार वर्षं.

पदार्थांची यादी 34 नावांची. पाणी, दूध, आंबवलेलं दूध, सफरचंद, केळं, संत्र्याचा रस, अननस, पीच, टोमॅटो, बीट, गाजर, मटार, सलगम, फ्लॉवर, कोबी, पालक, बटाटा, ओट, गहू, मका, जव, अंडी, मासे, कोंबडी, मटण, गोमांस, शिवाय कलेजी, गुर्दा, भेजा, नळीतला मगज... (आमच्या शाकाहारी आईला हे वाचून दाखवताना मी बरंच काही गाळलं!) मीठसुद्धा वेगळ्या वाटीत. कशातही मीठ घालायचं नाही, मसाला नाही, साखर तर घरातच नाही. एका वेळी सगळे 34 नव्हेत, साधारण दहाएक पदार्थ, प्रत्येक वेगळ्या भांड्यात. कालवाकालव अजिबात नाही. हे महत्त्वाचं आहे हं. आपण वरण, भात, भाजी, तूप सगळं एकजीव करून भरवतो, मग मुलाला नक्की काय आवडलं नाही हे ब्रह्मदेवालाही कळत नाही. खरं तर आपलं पान वाढायची पद्धत, मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, भाजी सगळं आपापल्या जागी, ही डेव्हिसबाईंच्या ट्रेच्या जास्त जवळची. पण मुलांसाठी म्हणून आपण ती मोडतो.

आणि आता या प्रयोगातलं माझं सगळ्यात आवडतं पात्र. नर्स. ती ट्रे ठेवून चमचा हातात घेऊन बाळाजवळ बसायची. बास. मुलाने एखाद्या भांड्याकडे हात केला किंवा बोट दाखवलं तरच त्यातला चमचाभर घ्यायचा, आणि त्याने तोंड उघडलं तरच भरवायचा. 'वा वा, शाब्बास' नाही, 'हे पण खा ना' नाही, तोंड वाकडं करायचं नाही, खाल्लं तर खूश व्हायचं नाही, सोडलं तर नाराज नाही. मूल हाताने खाऊ शकायचं, कसंही, कितीही बरबटून. ते थांबलं की वीस-पंचवीस मिनिटांत ट्रे उचलायचा. मग उरलेलं वजन करायचं, सांडलेलं वजन करायचं, वहीत लिहायचं.

मला प्रामाणिकपणे वाटतं की या प्रयोगात सगळ्यात कठीण काम नर्सचं होतं. माझ्या आईला पाच मिनिटं जमणार नाही.

सुरुवातीला बाळांनी पदार्थांबरोबर चमचा, ताटली, ट्रेची कड आणि त्यावरचा कागदसुद्धा आशेने चावून पाहिला. मिठाची चव घेऊन मुलं ठसकायची, रडायची, पण थुंकायची क्वचितच, आणि परत त्याच वाटीकडे हात! काही दिवसांत प्रत्येकाची आवड ठरली, आणि पंधरा मुलांच्या पंधरा तऱ्हा. एका मुलाचा आहार दुसऱ्यासारखा नाही. कुणी सकाळी सकाळी संत्र्याचा रस नि कलेजी खातंय, कुणी रात्री अंडी, केळी नि दूध. आहारशास्त्रज्ञाला घेरी यावी असं एकेक जेवण. काही दिवस अंड्यांचं वेड, मग धान्यांचं, मग मांसाचं. लाट यायची तशी जायची. 'दूध आणि पेज मुख्य, बाकी तोंडी लावायला' हा त्या काळच्या डॉक्टरांचा आदर्श तक्ता एकाही मुलाने पाळला नाही.

आणि निकाल? आली तेव्हा चार मुलं कुपोषित, पाच जणांना मुडदूस. पहिल्या तिघांपैकी एकाचा मुडदूस बराच वाढलेला होता, त्याच्या ट्रेमध्ये कॉड लिव्हर ऑईलचं छोटं भांडं ठेवलं. भयंकर चवीचं ते तेल त्याने मनाला येईल तसं, कधी कमी कधी जास्त प्यायलं, आणि एक्स-रेमध्ये हाडं बरी झालेली दिसू लागली त्या सुमारास सोडून दिलं. सगळीच्या सगळी धष्टपुष्ट झाली. बद्धकोष्ठ नाही, भुकेची तक्रार नाही. जोसेफ ब्रेनेमन हे शिकागोतले नामांकित बालरोगतज्ज्ञ. या वयाच्या मुलांचा इतका उत्तम गट मी कधी पाहिला नाही, असा त्यांचा अभिप्राय होता.

झालं! बातमी पसरली. 'मुलाच्या शरीरालाच कळतं काय खायचं ते.' डॉक्टर बेंजामिन स्पॉक यांच्या 1946 च्या सुप्रसिद्ध पुस्तकात हा प्रयोग आला आणि लाखो घरांत पोचला. आजही 'खाऊ दे गं त्याला जे हवं ते, शरीर मागतं' असं कुणी म्हणालं की मागे कुठेतरी डेव्हिसबाई असतात.

पण खुद्द डेव्हिसबाई असं म्हणत नव्हत्या. 1939 च्या जूनमध्ये मॉन्ट्रिअलला कॅनडातल्या डॉक्टरांच्या सभेपुढे त्यांनी निबंध वाचला, त्यात त्यांनी स्वतःच जादूगाराची टोपी उलटी करून दाखवली. युक्ती असेल तर ती पदार्थांच्या यादीत आहे, असं त्यांचं म्हणणं. यादीत एकही निकृष्ट गोष्ट नव्हती. साखर नाही, मैदा नाही, डब्यातलं काही नाही. निकृष्ट पदार्थांतून निवडायला सांगितलं तर या स्वातंत्र्याला फारशी किंमत नाही.

माझ्यातला इंजिनियर इथे टुणकन उडी मारतो. समजा त्या 34 पदार्थांतून एखादा रँडम नंबर जनरेटर महिनाभर जेवण निवडतोय. त्याचाही आहार बऱ्यापैकी संतुलितच येईल की! मग मुलाच्या 'शरीराच्या शहाणपणा'चं काय सिद्ध झालं? माझ्या मते फारसं नाही. तुलनेला दुसरा गटच नव्हता. मुडदूसवाल्या बाळाची गोष्ट कितीही गोड असली तरी ते एकच बाळ. सिद्ध झालं ते वेगळंच, आणि ताईच्या दृष्टीने ते जास्त उपयोगाचं आहे. यादी चांगली असेल तर मोठ्यांनी जबरदस्ती न केल्याने काहीही बिघडत नाही. एकेक जेवण बघितलं तर गोंधळ, महिना बघितला तर सगळं ठीक.

ही शेवटची गोष्ट पुढे मोजलीही गेली. लिअॅन बर्च या संशोधिकेच्या गटाने 1991 मध्ये दोन ते पाच वर्षांच्या 15 मुलांचं खाणं मोजलं. एकेका जेवणातल्या कॅलरीत सरासरी 34 टक्क्यांच्या आसपास चढउतार, पण चोवीस तासांची बेरीज केली तर फक्त 10 टक्के. म्हणजे दुपारी पानावरून उठलेलं मूल रात्री हिशोब पुरा करतं. आणि 2006 चा त्यांचा सूपचा प्रयोग तर प्रत्येक आजीला दाखवावा असा. बालवाडीच्या मुलांना दोन प्रकारचं सूप द्यायचं, एक संपवायचा आग्रह करत, दुसरं गुपचूप. आग्रहाचं सूप मुलांनी कमी प्यायलं, आणि त्याला नावंही जास्त ठेवली!

डेव्हिसबाईंना पुढचा प्रयोग करायचा होता. यादीत साखर, मैदा वगैरे घालून बघायचा. म्हणजे नेमका आजच्या घरांचा प्रश्न. पण जागतिक मंदी आली, पैसे आटले आणि तो कधी झालाच नाही. 1959 मध्ये त्या गेल्या, आणि सुमारे 36 हजार जेवणांच्या मूळ नोंदी नाहीशा झाल्या. बॅकअप न घेतल्याने एक दिवसाचं काम गेलं तरी मला दोन दिवस झोप लागत नाही. इथे वर्षानुवर्षांच्या नोंदी... असो.

एक गोष्ट मात्र खटकते आणि ती सांगायलाच हवी. ती बाळं गरीब विधवांची आणि कोवळ्या वयात आई झालेल्या मुलींची होती. ज्यांना पोसणं शक्य नव्हतं त्यांनी ती ठेवली. वर्षानुवर्षं इस्पितळात वाढलेली मुलं. चांगलं अन्न मिळालं हे खरंच, पण आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही, आणि देऊ नये. आणि त्या आयांना 'मूल खात नाही' ही अडचण नव्हती. घालायला काय आहे, ही होती. आपल्याकडेही कित्येक घरांत अजून तीच आहे. ताईचा प्रश्न हा भरलेल्या फ्रिजचा प्रश्न आहे, हे मी तिला म्हटलं तेव्हा ती जरा गप्प झाली.

रविवारी सकाळी आम्ही दोघांनी एक्सेल शीट उघडली. भाची आठवडाभर काय खाते ते ताईने आठवून सांगायचं, मी टाईप करायचं. तीन कप दूध, चॉकलेट पावडर आणि साखर घालून. अकरा वाजता बिस्किटं, 'तेवढंच पोटात काहीतरी'. चारला परत बिस्किटं किंवा केक. जेवली नाही म्हणून झोपताना आणखी एक दूध. वीस ओळी झाल्यावर ताई म्हणाली, "अरे, हिला दुपारी एकला भूक लागणार कुठून?" यादी तर आम्हीच बनवली होती. किराणा दुकानात, महिन्याच्या सामानाबरोबर.

त्या दुपारी बिस्किटांचा डबा माळ्यावर गेला. ताटलीत सहा छोट्या वाट्या ठेवल्या. भात, घट्ट वरण, चपातीचे तुकडे, काकडी, उकडलेलं गाजर, दही. आईला नर्सची ड्यूटी समजावून सांगितली. ती हाताची घडी घालून बसली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे काही चाललं होतं ते नर्सच्या नियमात अजिबात बसत नव्हतं. भाचीने आधी काकडी संपवली. मग दह्यात बोट घालून चाटलं, चपातीचा एक तुकडा वरणात बुडवला, तो खाली पडला, दुसरा खाल्ला. गाजर उचललं, वास घेतला, परत ठेवलं. भाताला हात नाही. पंधरा मिनिटांत 'झालं' म्हणून उठली.

आईने भाताची वाटी हातात घेतली, माझ्याकडे बघितलं, खाली ठेवली.

"त्या नर्सला पगार किती होता रे?" तिने विचारलं.

रात्री भाचीने दोन वेळा वरणभात मागून घेतला. गाजर मात्र अजून फक्त हुंगण्यापुरतंच आहे. परवा ताईचा फोन आला होता, म्हणाली आता निदान चाटून बघते.