कांगारू मदर केअर : काचेच्या पेटीपासून आईच्या छातीपर्यंत

बाळ कमी वजनाचे जन्मले की नातेवाईक पहिल्यांदा विचारतात, "डॉक्टर, काचेच्या पेटीत ठेवावं लागेल का?" काही बाळांना पेटी लागतेच. पण तितकीच मोलाची ऊब तुमच्या अंगातही आहे.

१९७८ च्या सुमारास कोलंबियातील बोगोटा येथे अपुऱ्या दिवसांची बाळे जास्त आणि पेट्या कमी होत्या. एका पेटीत एकाहून अधिक बाळे ठेवल्याने जंतुसंसर्ग पसरे. तेव्हा डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी स्थिर झालेली बाळे आईच्या उघड्या छातीवर ठेवायला सुरुवात केली. ऊब आईची, आहार अंगावरचे दूध.

पुढे अनेक वर्षे "आधी बाळ स्थिर होऊ द्या, मग आईकडे द्या" हाच नियम होता. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतील अभ्यासाने तो बदलला. १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना उपचार चालू ठेवूनच जन्मानंतर लगेच छातीशी धरले, तेव्हा २८ दिवसांतील मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही तशीच शिफारस केली.

म्हणून डॉक्टरांना विचारा, "आम्ही बाळाला छातीशी कधी घ्यायचं?" आई दमली तर बाबा किंवा आजीही घेऊ शकतात. बाळाला टोपी, मोजे, लंगोट पुरे. मान एका बाजूला, नाक मोकळे हवे. बाळ निळसर दिसले, धाप लागली किंवा दूध ओढेनासे झाले, तर लगेच दवाखाना गाठा.