ड्वेन मॅकडफी : काळ्या नायकाचा मालक कोण?

अमेरिकेतील काळ्या लेखकांशी आपले नाते नवे नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतील त्या लोकांना अर्पण केली, ज्यांनी काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांच्या संयुक्त राष्ट्रसंघाकडील निवेदनाची प्रत मागितली. १९७२ साली मुंबईच्या तरुणांनी आपल्या संघटनेला नाव दिले ते पँथरचे. डॉ. म. ना. वानखेडे, डॉ. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी काळ्या साहित्याचा परिचय मराठीला करून दिला आणि दलित साहित्याच्या चर्चेला त्यातून एक मोठे परिमाण लाभले.

पण या परिचयाची एक मर्यादा होती, हे आज मान्य केले पाहिजे. आपण काळ्यांची कविता वाचली, कादंबरी वाचली, आत्मकथने वाचली. काळ्या मुलांच्या हातात चार आण्यांच्या किमतीचे जे रंगीत चोपडे पडत होते, त्यात त्यांचा चेहरा कसा दिसतो, याकडे आपण पाहिले नाही. चित्रकथा म्हणजे पोरखेळ, ही प्रस्थापित अभिरुचीची समजूत आपणही नकळत स्वीकारली. वास्तविक आपल्याला तरी हे शोभणारे नव्हते. भीमराव कर्डकांचे जलसे कोणत्या अभिजात रंगभूमीवर झाले? अण्णा भाऊंचा फकिरा कोणत्या विद्यापीठाच्या शिफारशीने घराघरांत गेला? उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा तो नायक लोकांनी स्वतःच उचलून धरला. ज्यांना शाळेचे दार बंद होते त्यांच्यापर्यंत विचार पोचला तो अशाच 'हलक्या' मानलेल्या वाटांनी. म्हणून प्रस्तुत लेखात मी एका चित्रकथाकाराविषयी लिहिणार आहे. त्याचे नाव ड्वेन मॅकडफी.

मॅकडफीचे कार्य समजण्यासाठी त्याच्या आधीचा इतिहास थोडक्यात पाहिला पाहिजे. १९४७ साली फिलाडेल्फियातील ऑरिन इव्हान्स या काळ्या पत्रकाराने 'ऑल-निग्रो कॉमिक्स' नावाचा अंक काढला. लेखक काळे, चित्रकार काळे, नायकही काळे. दुसऱ्या अंकाची तयारी झाली होती. पण कागद विकणाऱ्यांनी कागद दिला नाही आणि तो अंक निघालाच नाही. माणसाला गप्प करण्यासाठी दरवेळी तुरुंगच लागतो असे नाही. कागद नाकारला तरी पुरते.

१९५६ सालची गोष्ट याहून बोलकी आहे. 'जजमेंट डे' या कथेत एक अंतराळवीर यंत्रमानवांच्या ग्रहावर तपासणीसाठी जातो. तेथे नारिंगी यंत्रमानव निळ्या यंत्रमानवांना वेगळ्या वस्तीत ठेवतात, हलकी कामे देतात. आतून दोघेही सारखेच, फरक फक्त बाहेरच्या रंगाचा. हा ग्रह अजून मानवी प्रजासत्ताकात येण्यास पात्र नाही, असा निर्णय देऊन अंतराळवीर निघतो आणि अखेरच्या चौकटीत शिरस्त्राण काढतो. तो काळा माणूस असतो. कथा मुळात १९५३ सालची. १९५६ मध्ये ती पुन्हा छापायची ठरली तेव्हा चित्रकथांवर देखरेख करणाऱ्या नियंत्रकाने हरकत घेतली : हा माणूस काळा नको. प्रकाशक विल्यम गेन्स यांनी ती हरकत धुडकावून कथा जशीच्या तशी छापली. पण हरकत कशाला होती ते ध्यानात घ्या. समतेचा उपदेश चालत होता. ज्याच्या समतेविषयी उपदेश आहे तो माणूस न्यायाधीशाच्या जागी चालत नव्हता.

पुढे १९६६ साली मार्व्हल कंपनीने 'ब्लॅक पँथर' आणला, १९७२ साली 'ल्यूक केज' आला. काळा नायक पानावर आला, मात्र त्याला जन्म देणारे लेखक गोरे होते. आपल्यावर सहानुभूतीने लिहिलेले साहित्य आणि आपण लिहिलेले साहित्य यांतील फरक या नियतकालिकाच्या वाचकांना मी समजावून सांगण्याचे कारण नाही.

मॅकडफीचा जन्म २० फेब्रुवारी १९६२ रोजी डेट्रॉइट शहरात झाला. मिशिगन विद्यापीठात तो इंग्रजी आणि भौतिकशास्त्र शिकला, नंतर न्यूयॉर्कला जाऊन त्याने चित्रपटाचे शिक्षण घेतले. काही काळ एका व्यापारविषयक नियतकालिकात मुद्रणप्रती तपासण्याचे काम केले आणि १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात तो मार्व्हलमध्ये साहाय्यक संपादक झाला. त्याची पहिली ठळक निर्मिती 'डॅमेज कंट्रोल'. महानायक आणि खलनायक लढतात, इमारती कोसळतात. मग तो राडारोडा कोण उचलतो? मॅकडफीने तो उचलणाऱ्या कंपनीतील नोकरदारांची गोष्ट लिहिली. विनोदी गोष्ट आहे. पण दृष्टी पाहा. सगळे आकाशाकडे बघत असताना हा लेखक खाली, झाडणाऱ्यांकडे बघतो.

१९८९ साली त्याने आपल्याच कचेरीत एक उपहासात्मक प्रस्ताव सादर केला. चाकांच्या फळीवरून घसरत जाणारे काळे पोरगे एवढीच काळ्या नायकाची कल्पना कंपनीत रुजत चालली होती. मॅकडफीने सगळेच काळे नायक अशा फळ्यांवर उभे करून, त्यांच्या तोंडी ठोकळेबाज बोली घालून, एक नवी मालिका 'सुचवली'. नोकरीत राहून वरिष्ठांच्या टेबलावर असा कागद ठेवायला काय लागते, हे पहिल्या पिढीच्या नोकरदाराला नेमके कळते. १९९० साली तो स्वतंत्र लेखन करू लागला.

येथे मालकीचा प्रश्न उपस्थित होतो आणि माझ्या मते मॅकडफीच्या कार्याचा गाभा तोच आहे. अमेरिकन चित्रकथेचा उगमच या प्रश्नाशी जोडलेला आहे. सुपरमॅनची कल्पना जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांची. १९३८ साली तिचे हक्क त्यांनी १३० डॉलरना विकले. त्या हक्कांवर पुढे कोट्यवधींचा व्यापार झाला आणि निर्मात्यांना आयुष्यभर झगडावे लागले. गोऱ्या निर्मात्यांची ही गत, तर काळ्यांची काय?

डेनिस कोवन, मायकेल डेव्हिस, डेरेक डिंगल आणि मॅकडफी या चौघांनी 'माइलस्टोन मीडिया' ही संस्था उभारली आणि १९९३ साली तिच्या चित्रकथा बाजारात आल्या. छपाई आणि वितरण डीसी या बलाढ्य कंपनीचे. पात्रांचे हक्क आणि आशयावरचे नियंत्रण माइलस्टोनचे, असा करार झाला. डकोटा नावाच्या कल्पित शहरात या कथा घडतात. रंगकामही निराळे होते. जुन्या छपाईत सगळे काळे एकाच ठरीव तपकिरी रंगात बुडवले जात. माइलस्टोनच्या पानांवर गव्हाळ, तांबूस, सावळा, गडद अशा अनेक छटा दिसू लागल्या. ही केवळ तांत्रिक बाब नव्हे. 'ते सगळे सारखेच' असे म्हणणाऱ्या नजरेला दिलेला तो नकार आहे.

'हार्डवेअर'चा नायक कर्टिस मेटकाफ हा प्रतिभावान संशोधक आहे. एडविन अल्वा नावाच्या उद्योगपतीने त्याला शिकवले, प्रयोगशाळा दिली. मेटकाफच्या शोधांवर अल्वा गबर झाला. मेटकाफने नफ्यात वाटा मागितला तेव्हा त्याला त्याची जागा दाखवून देण्यात आली. कथेच्या आरंभी मेटकाफला बालपणीचा पक्षी आठवतो : पिंजऱ्यातून सुटला आणि खिडकीच्या काचेवर धडकत राहिला. शिष्यवृत्ती घेऊन शिकलेल्या, पगार घेणाऱ्या, तरीही कुठेतरी अदृश्य काचेवर आपटणाऱ्या आपल्या पिढीला या पक्ष्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

'आयकॉन' त्याहून गुंतागुंतीची आहे. १८३९ साली एक परग्रहवासी अमेरिकेच्या दक्षिणेत कोसळतो. जो माणूस त्याला प्रथम पाहील त्याचे रूप त्याचे यंत्र त्याला देणार असते. त्याला सापडते ती मळ्यावरची एक गुलाम स्त्री. तो काळे मूल होतो. दीडशे वर्षांनंतर तो श्रीमंत वकील आहे आणि त्याचे ठाम मत आहे की मी वर आलो तसे इतरांनीही स्वतःच्या बळावर यावे. त्याच्या घरी चोरी करायला आलेल्या टोळक्यातली रॅकेल ही झोपडवजा सरकारी चाळीतली मुलगी त्याला जाब विचारते : एवढे सामर्थ्य असून तू गप्प का? तिच्यामुळे तो नायक होतो. ती त्याची सहकारी होते, कुमारी माता होते आणि तिला लेखिका व्हायचे असते. खरी नायिका तीच, असे मी म्हणेन. वर गेलेला आणि मागे राहिलेले यांच्यातील हा संवाद आहे. आपल्या वस्तीतून कॉलनीत गेलेल्या प्रत्येकाने तो एकदा वाचावा.

आणि 'स्टॅटिक'. रॉबर्ट वॉशिंग्टन आणि मॅकडफी यांनी लिहिलेला, जॉन पॉल लिऑनने रेखाटलेला, विजेची शक्ती लाभलेला शाळकरी मुलगा. त्याला शक्ती मिळते ती पोलिसांनी टोळीयुद्धावर सोडलेल्या रासायनिक वायूमुळे. अनेक मरतात, उरलेले बदलून जातात. मुलाचे नाव व्हर्जिल हॉकिन्स. हे नाव सहज सुचलेले नाही. खरे व्हर्जिल हॉकिन्स यांनी १९४९ साली फ्लोरिडा विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात प्रवेश मागितला आणि काळे म्हणून त्यांना तो नाकारला गेला. वर्षानुवर्षे खटला चालला. सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल देऊनही फ्लोरिडाने दार उघडले नाही. अखेर १९५८ साली इतर काळ्यांना प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी स्वतःचा अर्ज मागे घेतला. त्यांना फ्लोरिडात वकिलीची परवानगी मिळाली ती १९७६ साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर. दार ठोठावणाऱ्याचे नाव विजेच्या मुलाला देणे, हे इतिहासलेखनच आहे. तळटीप न देता केलेले.

माइलस्टोनवर टीकाही झाली, आणि ती स्वकीयांनी केली. 'अनिया' या नावाने एकत्र आलेल्या काळ्या प्रकाशकांचे म्हणणे होते की गोऱ्या कंपनीच्या छापखान्यावर अवलंबून राहून तुम्ही कोणते स्वातंत्र्य सांगता? हा वाद आपल्याकडेही झाला आहे. प्रस्थापित प्रकाशकाकडे जावे की लघुनियतकालिक काढून पदरमोड करावी? मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते. अनियाची चळवळ फार टिकली नाही. माइलस्टोनच्या चित्रकथाही बाजार कोसळल्यावर १९९७ साली थांबल्या. परंतु हक्क हाती राहिले होते, हे महत्त्वाचे. म्हणूनच २००० साली 'स्टॅटिक शॉक' ही दूरचित्रवाणी मालिका निघू शकली. २००४ पर्यंत तिचे ५२ भाग झाले. बंदुकीच्या हिंसेवरच्या 'जिमी' या भागाला २००३ साली ह्युमॅनिटास पारितोषिक मिळाले.

त्यानंतर मॅकडफी 'जस्टिस लीग' या सचेतपट मालिकेच्या लेखकवर्गात आणि पुढे 'जस्टिस लीग अनलिमिटेड'च्या निर्मात्यांत होता. तेथे ग्रीन लँटर्न हा जॉन स्टुअर्ट नावाचा काळा माणूस आहे. पुढे 'बेन टेन : एलियन फोर्स'च्या कथांची धुरा त्याच्याकडे आली. बेन टेन आपल्याकडेही पोचला. महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरांच्या दप्तरांवर त्याचे चित्र मी पाहिले आहे. त्या कथांमागे डेट्रॉइटचा एक काळा लेखक होता, हे त्या पोरांना कोणी सांगितले नाही.

मॅकडफीने एक गोष्ट पुनःपुन्हा मांडली. एकच काळे पात्र असले की ते माणूस राहत नाही, साऱ्या वंशाचा वकील बनते. त्याला भित्रे, विसराळू, चुकणारे असण्याची मुभा उरत नाही. आणि तीन काळी पात्रे एकत्र आली की लगेच ती 'काळ्यांची वस्तू' ठरते. उपाय एकच : अनेक पात्रे, परस्परविरोधी, भांडणारी. त्याचा पुराणमतवादी वकील आणि त्याला जाब विचारणारी रॅकेल यातूनच आली.

मी एका तालुक्याच्या गावी मराठी शिकवतो. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिला. मी शिकवतो त्या अभ्यासक्रमात दलित कविता एक असते आणि तिने सर्व दलितांच्या वतीने बोलावे अशी अपेक्षा असते. मला व्याख्यानाची निमंत्रणे येतात ती १४ एप्रिलची आणि ६ डिसेंबरची. कादंबरीच्या शिल्पावर बोलायचे असेल तेव्हा दुसऱ्या कोणाला बोलावले जाते. या दोन तारखांचा मला अभिमानच आहे. पण वर्षाचे उरलेले दिवस कोणाच्या मालकीचे? मॅकडफीने 'फँटास्टिक फोर' लिहिले, 'जस्टिस लीग ऑफ अमेरिका' लिहिले. काळ्यांवरच लिही, ही अट त्याने मानली नाही आणि काळ्यांवर लिहिणेही सोडले नाही. माझ्या दृष्टीने त्याचा हा सर्वात मोठा विद्रोह आहे.

त्याची किंमतही त्याने मोजली. संपादकीय हस्तक्षेपाने कथा कशा मोडल्या-वळवल्या जातात हे तो वाचकांना उघडपणे सांगे. त्याच कारणाने २००९ साली त्याला 'जस्टिस लीग ऑफ अमेरिका'वरून काढण्यात आले. २१ फेब्रुवारी २०११ रोजी हृदयावरील शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीने त्याचे निधन झाले. आदल्याच दिवशी तो एकोणपन्नास वर्षांचा झाला होता. २०१५पासून त्याच्या नावाने चित्रकथेतील विविधतेसाठी पुरस्कार दिला जातो आणि २०२१ साली स्टॅटिक पुन्हा छापील पानावर आला.

आपल्याकडे २०११ सालीच दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी 'भीमायन'मधून बाबासाहेबांचे जीवन रेखाटले. ती मोठी घटना होती. पण एका ग्रंथावर एका समाजाचे भागत नाही, हेच तर मॅकडफी सांगतो. आपल्या मुलांना महापुरुषांची चरित्रे हवीतच. त्याबरोबर वसतिगृहात राहणारी, गणितात नापास होणारी, उडता येणारी, एकमेकांशी भांडणारी, आपल्यासारखीच दिसणारी दहा-वीस पात्रेही हवीत. ती आपल्याच लेखकांनी लिहावीत, आपल्याच चित्रकारांनी काढावीत. आणि करारावर सही करण्यापूर्वी हक्क कोणाकडे राहतात ते नीट वाचून घ्यावे.