चमचा आधी की हात आधी? : वर्धा-पवनारकडून बाळाच्या पहिल्या घासाची गोष्ट

पवनार म्हटलं की बहुतेकांना दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे वाकाटक. वा. वि. मिराशींनी वाकाटकांचं प्रवरपूर ते हेच, असं मांडलं आणि त्यावर अभ्यासकांचे वाद अजून चालू आहेत. दुसरी म्हणजे धाम नदीच्या काठावरचा विनोबांचा आश्रम. आज मात्र आपण यांच्या वाटेने जरा वेगळीकडे जाणार आहोत. आजचा विषय आहे सहा महिन्यांच्या बाळाचा हात. त्या हाताने पहिला घास कधी उचलायचा, आणि कोणी ठरवायचं?

शहरातल्या नव्या आयाबापांना 'बेबी-लेड वीनिंग' हा शब्द आता पाठ झालाय. बाळाला भरडून, गाळून, चमच्याने भरवायचं नाही. मऊ शिजवलेली फोड समोर ठेवायची, ते स्वतः उचलेल, चोखेल, चावेल, फेकेल. हे ऐकलं की घरातली आजी म्हणते, "हे काय नवीन फॅड?" आणि नातू-नात म्हणतात, "तिकडे विलायतेत असंच करतात." माझ्या मते दोघंही थोडे चुकतात. ही गोष्ट कुठून आली हे समजायचं असेल तर हात आणि चमचा यांच्या आधी एक तिसरा प्रश्न विचारावा लागतो : बाळाला वरचं अन्न कितव्या महिन्यात सुरू करायचं?

म्हणजे बघा, तीन महिन्यांचं मूल बसू शकत नाही. हातात वस्तू दिली तर ती नेमकी तोंडाशी नेता येत नाही, आणि आलेलं घट्ट अन्न जीभ बाहेर ढकलते. अशा बाळाला काही खाऊ घालायचंच असेल, तर ते पातळ हवं आणि दुसऱ्या कोणीतरी तोंडात घालायला हवं. सुरुवात लवकर केली की बाटली आली, पेज आली, डबा आला, चमचा आला. सुरुवात सहाव्या महिन्यावर नेली की तेच बाळ टेकू देऊन बसतं, मुठीत काहीही पकडतं आणि थेट तोंडात घालतं. घरातली चप्पलसुद्धा. सगळी साधनं त्या एका तारखेवर ठरतात.

आपल्याकडे ही तारीख जुनी आहे. सुश्रुत सहाव्या महिन्यात हलकं आणि हितकर अन्न द्यायला सांगतो. काश्यपसंहितेत त्याहून गमतीची पायरी आहे : सहाव्या महिन्यात फळ आणि दहाव्या महिन्यात धान्य. यावरून "आमच्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं" अशी उडी मारायची गरज नाही. पण मूल वाढताना बघणाऱ्या माणसांनी हे टिपून ठेवलं होतं, एवढं नक्की म्हणता येतं.

आणि मग आपलं उष्टावण. बाळाला मामाच्या मांडीवर बसवायचं, सोन्याच्या अंगठीने किंवा चांदीच्या चमच्याने खीर चाटवायची, फोटो काढायचा. या समारंभात बाळाने काय करायचं असतं? तोंड उघडायचं. पण याच संस्काराला जोडून धर्मशास्त्राच्या ग्रंथांत आणखी एक विधी सांगितलाय. बाळासमोर पोथी, शस्त्र, निरनिराळ्या धंद्यांची अवजारं मांडायची आणि ते आधी कशाला हात घालतं ते बघायचं. त्यावरून पुढे त्याचा चरितार्थ कशावर चालेल याचा अंदाज. मला हे फार मजेशीर वाटतं. पूर्ण आयुष्याचा धंदा निवडायला बाळाचा हात चालतो, पण खिरीची वाटी मात्र त्याच्यापासून लांब ठेवायची!

अर्थात विधी वेगळा आणि रोजचं घर वेगळं. आपल्या वऱ्हाड-वर्ध्याकडे निंदणाला किंवा कापूस वेचायला जाणाऱ्या बाईकडे चमच्याने भरवत बसायला वेळ कुठे होता? धुऱ्यावर, झाडाखाली, लुगड्याच्या झोळीत लेकरू. दात शिवशिवायला लागले की हातात ज्वारीच्या भाकरीचा कडक काठ. लेकरू तो तासभर चघळत बसायचं. ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांनी हे बघितलं असेल, काहींनी तो काठ चघळलाही असेल. त्याला कोणी नाव दिलं नाही. ती पद्धत होती असंही मी म्हणणार नाही. ती सोय होती, आणि बऱ्याचदा नाइलाज.

आता १९३७ मध्ये येऊ. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद बोलावली. डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तीत विनोबाही होते. यातून जी नई तालीम पुढे आली तिचं सूत्र तुम्हाला माहीत आहे : हात हे डोक्याचं नुसतं नोकर नाही, हाताने काम करता करता डोकं शिकतं. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, विनोबा पवनारला राहायला आले. तिथे त्यांनी कताई, शेती, श्रम यांचे जे प्रयोग केले त्यामागेही तीच धारणा होती.

पण ही योजना होती सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. सातच्या आधी काय? १९४५ च्या जानेवारीत सेवाग्रामला परिषद भरली, तिथे नई तालीमची कक्षा जन्मापासून मरणापर्यंत वाढवायचं ठरलं. 'पूर्व-बुनियादी' असा वर्ग आला आणि सेवाग्रामला शांताबाई नारुलकरांनी त्याचं काम उभं केलं. अडीच वर्षांच्या मुलापासून सुरुवात. स्वच्छता, जेवण, आपलं काम आपण करणं, हाच तिथला अभ्यास. म्हणजे सातवरून अडीचवर आलो. अडीच वर्षांवरून सहा महिन्यांवर मात्र कोणी आलं नाही. तान्ह्या बाळाच्या बाबतीत "आई आणि आहार" एवढंच बोललं जायचं. हाताच्या शिक्षणाचा एवढा विचार झालेल्या या जिल्ह्यातसुद्धा बाळाचा हात शिकतोय असं कोणाच्या डोक्यात आलेलं दिसत नाही. तो काळ आणि ती भूक बघता त्यात नवल नाही म्हणा.

तोपर्यंत बाजारात वेगळंच चाललं होतं. पाश्चात्त्य देशांत वरच्या अन्नाची सुरुवात अलीकडे अलीकडे येत गेली. १९५०-६० च्या दशकांत काही अमेरिकन डॉक्टर जन्मानंतर थोड्याच आठवड्यांत, काही तर दिवसांत, पेज सुरू करा म्हणत होते. आपल्याकडेही शिकलेल्या घरांत ग्लॅक्सो, फॅरेक्स ही नावं आपुलकीची झाली. डब्यावरचं गुटगुटीत बाळ हा सगळ्या मातांसाठी नमुना. डब्यातलं पीठ कालवायचं तर चमचा आलाच, आणि चमच्याबरोबर "एवढं संपवायचंच" हेही आलं. किती खायचं ते डबा ठरवू लागला.

याला अडवायला जी चळवळ उभी राहिली तिचा एक धागा थेट वर्ध्याला येतो. १९९० च्या ऑगस्टमध्ये इटलीत फ्लॉरेन्सला स्तनपानाविषयीचा इनोसेंटी जाहीरनामा झाला. त्यानंतर सव्वा वर्षाने, ३ डिसेंबर १९९१ ला, 'ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया', म्हणजे बीपीएनआय, ही संघटना स्थापन झाली ती आपल्या वर्ध्यात. पवनारहून फार तर आठ-दहा किलोमीटर! १९९२ च्या डिसेंबरमध्ये संसदेने बाळांचं पर्यायी दूध, बाटल्या आणि बालान्न यांच्या जाहिरातीला लगाम घालणारा कायदा केला. १ ऑगस्ट १९९३ पासून तो लागू झाला. त्या कायद्यात बालान्न म्हणजे चार महिन्यांनंतरचं अन्न असं होतं. २००३ च्या दुरुस्तीत चारचे सहा झाले आणि दोन वर्षांपर्यंतचं अन्न त्यात आलं. त्याआधी २००१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने सहा महिने निव्वळ आईचं दूध, हे धोरण स्वीकारलं होतं.

कायद्यातला एक आकडा बदलला, एवढंच. पण चारचे सहा झाले आणि चमच्याची सक्तीच गेली. बरोबर याच सुमारास इंग्लंडमध्ये गिल रॅपले या आरोग्य-परिचारिकेने साधा मुद्दा मांडला : सहा महिन्यांचं बाळ स्वतः उचलून खाऊ शकत असेल, तर लगदा करायचाच कशाला? २००८ मध्ये तिचं पुस्तक आलं आणि ते नाव जगभर झालं. पाळंमुळं मात्र आईच्या दुधाच्या चळवळीत आहेत. वर्ध्याला जमलेल्या मंडळींच्या डोक्यात उकडलेल्या गाजराची फोड नव्हती, हे उघड आहे. तरी त्या फोडीचा रस्ता त्यांनी मोकळा केला.

आता खरा कळीचा प्रश्न. बाळाच्या मनावर सोडलं तर ते पुरेसं खाईल का? याचा सगळ्यात जुना आणि गाजलेला प्रयोग क्लारा डेव्हिस या अमेरिकन बालरोगतज्ज्ञ बाईंचा. १९२० च्या दशकात तिने नुकतंच दूध तुटलेली मुलं घेतली, सगळी मिळून पंधरा. समोर साधे, ताजे पदार्थ मांडायचे : मांस, कलेजी, अंडी, दूध, धान्य, भाज्या, फळं. पूर्ण यादी चौतीस पदार्थांची. परिचारिका शेजारी गप्प बसायची. मुलाने हात पुढे केला तरच घास द्यायचा, नावाजायचं नाही, रागवायचं नाही. मुलांनी आधी ताटल्या आणि चमचेही चावले. एकदम विचित्र जेवणं केली. पण सगळी मुलं चांगली वाढली. मुडदूस झालेलं एक बाळ तर बरं होईपर्यंत समोर ठेवलेलं कॉड माशाचं तेल आपणहून घेत राहिलं. (ती मुलं अडचणीतल्या आयांची होती, वर्षानुवर्षं संस्थेत ठेवलेली. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही, आणि देऊही नये.)

लोक इथेच थांबतात : "बघा, बाळाला सगळं कळतं!" पण डेव्हिसबाई स्वतः १९३९ मध्ये काय म्हणाली? खरी मेख पदार्थांच्या यादीत आहे. यादीत साखर नव्हती, मैदा नव्हता, डबाबंद काही नव्हतं. मुलाने त्यातून काहीही उचललं तरी फार बिघडणार नव्हतं. निवड मुलाची, पण ताट मोठ्यांनी मांडलेलं.

आणि आपलं दुखणं नेमकं ताटात आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी जेमतेम ११ टक्क्यांना पुरेसा आहार मिळतो. ज्या घरात नुसता भात आणि पाणचट वरण आहे, तिथे "बाळाला स्वतः खाऊ द्या" हा सल्ला अर्धवट आहे. सहा महिन्यांनंतर आईच्या दुधातलं लोह पुरत नाही, आणि काकडीची फोड चोखून ते भरून निघत नाही. त्यामुळे वर्ध्याच्या गावात मी तरी हात आणि चमचा अशी भांडणं लावणार नाही. घट्ट वरणात कुस्करलेला मऊ भात आईने भरवावा. त्याच ताटाच्या कडेला उकडलेल्या रताळ्याची किंवा लाल भोपळ्याची बोटाएवढी फोड, केळं, अंड्याचा तुकडा, तुपात भिजवलेला भाकरीचा मऊ पापुद्रा ठेवावा. लेकरू मान फिरवतंय तर घास मागे घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनातही हेच आहे : मुलाच्या खुणा ओळखून भरवा आणि त्याला स्वतः खायला उत्तेजन द्या.

राहिला घशात अडकण्याचा धाक. आजीची ही भीती खोटी नाही. न्यूझीलंडमध्ये २०६ कुटुंबांवर एक चाचणी झाली. धोक्याचे पदार्थ कोणते ते नीट समजावून दिलं होतं, तेव्हा हाताने खाणाऱ्या मुलांच्या घशात घास अडकण्याचं प्रमाण चमच्याने खाणाऱ्यांपेक्षा जास्त निघालं नाही. पण 'समजावून दिलं होतं' हे विसरू नका. ठसका लागला, चेहरा लाल झाला, खोकतंय, म्हणजे बाळ घास बाहेर काढतंय. आवाजच बंद झाला, तर ते संकट. म्हणून फुटाणे, शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, कच्चं गाजर, लाह्या अजिबात नाही. बाळ बसलेलं हवं, आडवं नाही. आणि जवळ मोठं माणूस हवं, मोबाईल खाली ठेवलेलं.

२०१८ पासून पोषण अभियानात अंगणवाड्यांमधून अन्नप्राशन दिवस साजरा होतो. सेविकाताई बाळाला ओवाळतात, वाटीतून पहिला घास भरवतात. तुमच्या गावच्या अंगणवाडीत त्या दिवशी काय काय वाटीत असतं, आणि बाळाने वाटीत हात घातला तर तो धरतात की राहू देतात, हे बघून आम्हाला नक्की कळवा. पवनार, सेलू, देवळी, आर्वी, कुठूनही. आलेल्या गोष्टी पुढच्या एखाद्या भागात वाचून दाखवू. तोवर, नमस्कार.